ध चं दार

सकाळी कामावर निघाले होते, आणि माझा रस्ता माझ्याच अक्षरानं अडवला. चौकात पोलिसानं शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं होतं आणि एक लांबच लांब ट्रेलर डावीकडे वळायच्या खटपटीत होता. त्याचं शेपूट फुटपाथवर चढायचं, पुन्हा मागं यायचं, लोक करवादत होते. माझ्या शेजारचे एक गृहस्थ “असली धुडं दिवसाढवळ्या काढतात कशाला बाहेर” असं कुणालाच न सांगता सांगत होते, आणि मी त्यांच्या सुरात सूर मिसळणार एवढ्यात वाऱ्यानं त्या धुडावरची ताडपत्री एका बाजूनं उचलली. खाली पांढरा रंग दिलेला पत्रा होता आणि त्या पत्र्याला एक वळण होतं. ओळखीचं माणूस पाठमोरं असलं तरी चालीवरून कळतं ना, तसं मला ते वळण कळलं. आधी जरा आत ओढून घेतलेलं, मग ढेरीसारखं बाहेर पडलेलं, आणि कान्याला टेकायच्या आधी किंचित, अगदी किंचित बारीक झालेलं. ते बारीक होणं माझं होतं. त्याच्यापायी मी एक अख्खा उन्हाळा घालवला होता, जेवताना ताटातल्या पोळीच्या कडेतसुद्धा मला तेच दिसायचं. तो ध होता. माझा ध, आमच्या दिवाणखान्याएवढा, उताणा पडून भर चौकातून चालला होता, आणि इतक्या माणसांना उशीर होत होता तो त्याच्यामुळे.  वाढवून सांगत नाही, शेजारच्या गृहस्थांचा दंड धरावा लागला. ते म्हणाले, “बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, “ते माझं आहे.” त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा ट्रेलरकडे पाहिलं आणि दंड हळूच सोडवून घेतला.

मी अक्षरं काढते. संगणकात फॉन्ट म्हणून जे काही असतं ते कुणीतरी मान मोडून, एकेक वळण ओढून काढलेलं असतं, हे लोकांना काही केल्या पटत नाही. “अक्षरं तर आधीचीच आहेत की,” म्हणतात, “मग तुम्ही नवीन काय करता?”  आचाऱ्याला भूक आधीचीच आहे की असं कुणी म्हणत नाही. तर ढब्बू हे मी काढलेलं मथळ्याचं अक्षर. विकणाऱ्या कंपनीनं त्याला एक भारदस्त नाव ठेवलंय, ते मला चारचौघांत उच्चारायची लाज वाटते. घरात तो ढब्बूच. पुस्तकाच्या पानात बारीक होऊन गुमान बसायचं हा त्याचा धर्म नाही. त्यानं दोनचारच शब्द बोलायचे, पण पलीकडच्या गल्लीत ऐकू गेले पाहिजेत. एकदा विकला गेला की तो कुठं जातो, कुणाच्या हाती लागतो, मला कुणी कळवत नाही. टायरच्या दुकानावर दिसतो. बिस्किटाच्या पुड्यावर दिसतो. एकदा बसमधून जाताना एका बंद दुकानाच्या शटरवर ‘जागा बदलली आहे’ एवढंच लिहिलेलं दिसलं आणि ते इतकं छान बसलं होतं की मी पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत गेले. आणि एकदा एका निवडणुकीत एका उमेदवारानं त्याला दोन्ही बाजूंनी धरून असा काही ताणला होता की मी त्या माणसाला मत दिलं नाही, त्याचं बाकी काही मला माहीत नव्हतं. पण हे सगळं कागदावरचं, कापडावरचं. ढब्बूला अंग असू शकतं, वजन असू शकतं, तो वळताना ट्रेलरचे टायर कुरकुरू शकतात, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी त्याला सगळ्यात मोठा पाहिला होता तो पडद्यावर, हाताच्या पंजाएवढा.

ट्रेलर वळला, पोलिसानं हात खाली केला, माणसं सुटली. मी ट्रेलरच्या मागं चालायला लागले. ऑफिस उलट्या बाजूला होतं. चालता चालता मी त्याच्याकडे बघत होते आणि एकच विचार डोक्यात होता, की फट राहिली असेल ना? ध च्या डोक्यावर अख्खी शिरोरेघ नसते. डावीकडे ती तुटलेली असते, तिथं मोकळं सोडावं लागतं, नाहीतर ध चा घ होऊन बसतो. बारीक अक्षरात हे सोपं आहे, रेघ थांबवली की झालं. पण अक्षर जाड करायचं म्हणजे काळं वाढवायचं असं जे लोकांना वाटतं ना, ते तसं नसतं. जाड करायचं म्हणजे पांढरं खायचं. काळं काय, कितीही मिळतं. पांढरं मोजकंच असतं, ते अक्षराच्या पोटात असतं, कुशीत असतं, आणि एकेक घास खाताना बघत राहावं लागतं की अजून ह्याला श्वास येतोय ना. ढब्बूच्या ध मध्ये मी ती वरची फट खात खात इतकी आणली की आणखी एक घास घेतला असता तर मेलाच असता. त्याच्या अलीकडे थांबले. का तिथंच थांबले ते मला आजही सांगता येणार नाही, हात थांबला. त्या दिवशी मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले होते आणि बाहेरच्या गाड्या, तारा, समोरच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादर बघून मला उगीचच आपण फार श्रीमंत आहोत असं वाटलं होतं.

ट्रेलर एका मोठ्या फाटकातून आत गेला. मागच्या बाजूचं आवार होतं, सिमेंटचं, नुकतंच धुतलेलं, हवेत कसलासा आंबट वास. नवी इमारत, तिच्या कडेला परांच्या, आणि जमिनीवर आधीच येऊन पडलेलं एक दुसरं अक्षर, दू. मी त्याच्याकडे धावलेच. द ची शेपटी आणि खालचा ऊकार जिथं एकमेकांना भेटतात तिथं जाडी साचते, तिथं मी चोरून जराशी छाटलेली आहे, ती पत्रा कापणाऱ्यानं ठेवली की ‘चूक असेल’ म्हणून बुजवून टाकली, ते मला बघायचं होतं. ठेवली होती. मी खाली बसून त्या सांध्यावरून हात फिरवला. अक्षराच्या भिंती माझ्या गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या जरा खाली येत होत्या. तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. हातात सुताराचा लोखंडी गुण्या घेतलेला एक मुकादम उभा होता. कामावरची माणसं त्यालाही गुण्याभाऊच म्हणत होती, कारण तो जे दिसेल त्याला काटकोन लावून बघत असे.

“बाई, इथं कुणाला यायची परवानगी नाही.”

“हे अक्षर मी काढलंय,” मी म्हटलं.

त्यानं विचार केला. “म्हणजे पत्रा कुणी कापला ते मला माहितेय. तुम्ही काय काढलं?”

“कापायच्या आधीचं.”

“हां,” तो म्हणाला, आणि कसा कोण जाणे, त्याला ते पटलं. “मग एक सांगा, ह्यात एक पण काटकोन कसा नाही? मी सकाळपासनं शोधतोय. सरळ दिसतं ते पण सरळ नाही.” मी त्याला सांगितलं की खरंच सरळ ठेवलं असतं तर मधे खचल्यासारखं दिसलं असतं. तो म्हणाला, “बघा, म्हणजे डोळ्याला गंडवायचं,” आणि खूष झाला. एव्हाना माणसांनी ध ही ट्रेलरवरून घसरवून दू च्या शेजारी आणून ठेवला होता. मग त्यानं सांगितलं की उद्या सकाळी क्रेन येणार, दोन्ही अक्षरं छपरावर चढणार, एकदा चढली की पुन्हा खाली यायची नाहीत. “आजचा दिवस इथंच पडून आहेत. बघून घ्या काय बघायचं ते. उद्यापासनं मान वर करून बघायला लागेल.” आणि तिथं, त्या ओल्या सिमेंटवर उभी असताना, मला एकदम आईची आठवण झाली. मान वर करून आईला काही दिसणार नव्हतं.

आई जन्मभर मुद्रितं तपासायची. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ती नोकरीला होती आणि उरलेलं घरी घेऊन यायची. टेबलाशी बसून, ओळीखाली लाकडी पट्टी धरून, ओठ हलवत वाचायची, आणि मी त्या टेबलाखाली असायचे. शाळेत जायच्याही आधीची गोष्ट. एखाद्या जागी शंका आली की ती कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरायची आणि मला खालून तो मागच्या बाजूनं दिसायचा. म्हणजे मी जन्मात पहिल्यांदा अक्षरं पाहिली ती उलटी, उजेड आत भरलेली, आणि त्यांना काही अर्थ असतो हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला ती आवडली. एवढंच. त्यातली काही पोटुशी होती, काहींना शेपट्या होत्या, आणि त्यांच्या पोटातला तो उजेड बघून मी गप्प बसायचे. आई समजायची पोरगी गुणाची आहे. पुढं मी हेच पोटापाण्याला धरलं तेव्हा ती म्हणाली, “वाचताना अक्षर दिसलं की समजावं, कुठंतरी चुकलंय.” तिच्या हातून कधी ध चा मा झाला नाही, पण ध कसा दिसतो असं तिला विचारलं असतं तर ती गडबडली असती. आणि मी? मला एखादं पुस्तक कसं वाटलं म्हणून विचारलं तर मी त्याच्या उकारांबद्दल बोलायला लागते. आमचं दोघींचं ह्यावरून कधी भांडण झालं नाही, भांडायलाही काहीतरी एकत्र लागतं. ढब्बू छापून आला तेव्हा त्याचा नमुन्याचा कागद मी तिच्यापुढं ठेवला. तिनं तो चष्मा लावून, पट्टी धरून, वरपासून खालपर्यंत वाचला. “चूक नाही कुठं,” म्हणाली.  मग कागद परत देत म्हणाली, “पण ओरडतात ग तुझी अक्षरं. मी काय बहिरी आहे?” मी हसले, पण मला फार लागलं होतं.

आणि आता तिचे डोळे चाललेत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो पसरत जाणार, कडेचं तेवढं दिसत राहील. आई बाहेर येऊन मला म्हणाली, “मजकूर गेला, समास शिल्लक आहे.” ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. माझ्याकडे बघते तेव्हा तिला माझे कान दिसतात. तिनं वाचणं सोडलं, पट्टी स्वयंपाकघरातल्या खणात टाकली, आणि तक्रार म्हणून एक शब्द बोलली नाही, ते मला तक्रारीपेक्षा जड गेलं. गेल्या महिन्यात आम्ही दवाखान्यातून येत होतो तेव्हा रस्त्याच्या कडेला रंगाच्या एका कंपनीचा फलक लागला होता, ढब्बूमधला, चांगला दोन मजले उंच. मी टॅक्सी थांबवली. “आई, बघ.” तिनं मान इकडून केली, तिकडून केली, तिरकी केली, कोंबडी दाणा बघते तशी. मग म्हणाली, “काळं आहे काहीतरी. मोठं आहे.” तिला माझं मन राखायचं होतं हे मला कळत होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं म्हणू नये, पण मला हवं होतं की माझं एक अक्षर तरी आईनं बघावं. वाचावं नाही म्हणत मी, बघावं. दोन्ही डोळे शाबूत होते तेव्हा तिनं बघितलं नाही आणि आता बघायला गेली तर डाग आड येतो. हा डाव उधळला, असं मी समजून चुकले होते. आणि आता दिवसभरापुरतं ते माझ्यापुढं जमिनीवर पडलेलं होतं, हात लावता येईल असं.

घरी आले तर आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. ते तिला बघितल्याशिवाय जमतं.

“एवढ्यात? नोकरी गेली की काय?”

“चल माझ्याबरोबर. एक दाखवायचंय.”

“मला आणि दाखवायचंय,” ती म्हणाली. “कुणाची थट्टा करतेस?”

मी तिला ट्रेलर सांगितला, ताडपत्री सांगितली, गुण्याभाऊ सांगितला, सांध्यातली छाट सांगितली. बोलताना माझा आवाज चढत गेला असावा, कारण ती शेंग हातात तशीच धरून ऐकत होती.

“शब्द काय आहे?” तिनं विचारलं.

“एक ध आहे.”

“ध हा शब्द नाही.”

“आणि दुसऱ्याला खाली उकार जोडलेला, तो सांधा इतका सुरेख…”

“अग पण लिहिलंय काय?”

 मला माहीत नव्हतं. मी त्या आवारात निदान तासभर होते, दोन्ही अक्षरांना प्रदक्षिणा घातली होती, कुठल्या कडेला रंग ओघळलाय ते मी सांगू शकले असते, पण ते मी वाचलं नव्हतं. माझ्या धंद्यातली माणसं ह्यावर हसणार नाहीत, त्यांचंही असंच होतं. आई मात्र हसली. इतकी हसली की सालं मांडीवरून खाली सांडली. “धन्य आहे बाई,” म्हणाली. “दोन अक्षरं. ती पण स्वतःची.” आणि पदरानं डोळे पुसत उठली. “चल. जाऊन वाचूनच येऊ. तुझ्या भरवशावर राहिलं तर जन्म जायचा.”

टॅक्सीत बसल्यावर मग तो आंबट वास, धुतलेलं सिमेंट, भिंतीला लावून ठेवलेली कॅनं, सगळं एका जागी आलं आणि मला कळलं. दूध. अख्ख्या डेअरीत उभी राहून मला दूध दिसलं नव्हतं. सांगायला तिच्याकडे वळले, आणि गप्प बसले. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, कडेच्या नजरेनं रस्ता पकडायचा प्रयत्न करत. सांगून टाकलं की मग उरलंच काय. तिनंच वाचायला हवं होतं. मला एकाएकी भीती वाटायला लागली, परीक्षेला बसवल्यासारखं करतेय मी तिला, आणि नापास झाली तर घरी येताना आम्ही काय बोलणार. “परत जायचं का?” मी विचारलं. “का?” ती म्हणाली. “दमलीस?”

गुण्याभाऊनं आम्हाला बघून गुण्या बगलेत मारला आणि हात जोडले. “आईसाहेब का? या. कडा दुमडलेल्या आहेत, हात कापायचा नाही. तापलाय मात्र पत्रा.” मी आईला दू पाशी नेलं आणि तिचा हात भिंतीवर ठेवला. “हे काय म्हणालीस ते?” तिनं विचारलं. “ते तू सांग,” मी म्हटलं. ती चालायला लागली. डावा हात पत्र्यावर, उजव्या हातानं लुगडं जरा वर धरलेलं. पहिल्यांदा ती शिरोरेघेच्या कडेनं सरळ गेली आणि टोकाला थांबली, परत आली. मग वळणाबरोबर वळली, आणि मी बघतेय तर तिचे ओठ हलत होते. कितीतरी दिवसांनी हलत होते. द च्या पोटाशी ती थांबली, हात आत घालून चाचपलं, बाहेरून पुन्हा आली, शेपटीपाशी चुकली, “थांब, बोलू नकोस” म्हणाली, मी बोलत नव्हते. मागं गेली, पुन्हा धरलं. “हा द,” म्हणाली. “आणि हे काय लोंबतंय खाली? उकार. पहिला… नाही, नाही. हे असं वळलंय, दुसरा.” मान ताठ, नजर भलतीकडेच, आणि हात मात्र ओळीवर पट्टी सरकावी तसा पुढं जाणारा. “दू,” ती म्हणाली. मग तोंड वर करून एकदा हवेचा वास घेतला, आणि तिचा चेहरा फुलला. “दूध. अग, दूध आहे हे. आणि तुला दिसलं नाही?” गुण्याभाऊ म्हणाला, “बरोब्बर,” आणि टाळी वाजवावी की नाही ह्या विचारात हात तसेच धरून उभा राहिला. माझ्या तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मला वाटलं झालं, ह्यापुढं मागायचं काही नाही.

“आता तो ध दाखव,” आई म्हणाली.

दाखव म्हणाली. वाचून तर झालं होतं. ध आहे हे तिला घरूनच माहीत होतं, त्यात वाचायला काही उरलं नव्हतं. मी तिला घेऊन गेले. तिनं कान्यापासून सुरुवात केली, खालून वर. “किती ग जाड हा. चालून संपेना.” वर आल्यावर शिरोरेघेच्या तुटक्या टोकावर तिचा हात आला, आणि पुढं हवाच लागली. ती थांबली. हात हवेत फिरवला, पलीकडची कड सापडली, दोन्ही कडांना दोन हात लावून उभी राहिली. “इथं फट आहे.” मी म्हटलं, “हो. ती ठेवावीच लागते.” ती म्हणाली, “मला शिकवतेस? ध आणि घ ची किती भांडणं सोडवलीत मी. पण हे दार आहे हे मला ठाऊक नव्हतं.” आणि मी ‘अग अग’ म्हणेपर्यंत ती अंग तिरकं करून आत शिरलीसुद्धा. आई काटकुळी आहे. जेमतेम, पण गेली. मधल्या वळणापाशी तिनं पुन्हा अंग चोरलं, पदर पत्र्याला घासला, आणि मग ती खालच्या पोटात पोचली, जिथं चहूकडून बंद आहे आणि ध सगळ्यात रुंद आहे. तिथं ती उभी राहिली. पांढऱ्या भिंती तिच्या कमरेपर्यंत, आणि आत उजेड इतका साचलेला की तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा उतरल्यासारखा दिसत होता. मी हे पोट रेषांनी बांधलं होतं, वळणं मोजून, पडद्यावर, कितीदा तरी. त्यात माणूस उभं राहू शकतं हे मला माहीत नव्हतं. तिथं माझी आई उभी होती, आणि मी आ वासून बघत होते, लहानपणी टेबलाखालून बघायचे तशी. असं काही आपल्या हातून झालंय ह्यावर विश्वास बसत नव्हता, आणि अभिमान म्हणावा तर तोही नव्हता, कारण ते आता माझं वाटतच नव्हतं.

“कुठं आहेस?” आईनं विचारलं.

“बाहेर.”

“मग आत ये की.”

मी गेले. फटीशी जाऊन मी अंग तिरकं केलं, पोट आत घेतलं, श्वास सोडला, एक खांदा आत गेला आणि तिथंच अडकले. पुढं नाही, मागं नाही. माझंच दार, मीच घासघास खाऊन एवढं ठेवलेलं, आणि मलाच मावेना. गुण्याभाऊनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. “वरनं टांग टाका ना बाई,” तो म्हणाला, “कमरेएवढीच तर भिंत आहे.” पण मला वरून जायचं नव्हतं. मी कशीबशी मागं निघाले, ब्लाउजला रंग लागला, आणि फटीच्या तोंडाशी उंबऱ्यावर बसावं तशी खाली बसले.

“अडकलीस ना,” आई आतून म्हणाली. तिला सगळं ऐकू येत होतं. “एवढं अरुंद का केलंस?”

“जास्त ठेवलं की अक्षर सैल पडतं. लांबून बघताना तुकडे झाल्यासारखं वाटतं.”

“आणि ह्याहून कमी केलं असतंस तर?”

“तर घ झाला असता.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती मला माझ्या कामातलं काही विचारत होती आणि मी तिला सांगत होते, मुकादमाच्या देखत, भर दुपारच्या उन्हात. ती दोन्ही हात भिंतीवर ठेवून एक फेरी मारून आली. “इथं खाली किती ऐसपैस आहे ग. दोघीजणी मावल्या असत्या.” मग थांबली. मान तिरकी केली, पण बघायला नाही, ऐकायला. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा आवाज चालू होता. “मी म्हणायचे ना ओरडतात म्हणून,” ती म्हणाली. “बाहेरून ओरडत असतील. आत काही आवाज नाही ह्याला.”

 मी पत्र्यावर हात ठेवला, तो तापला होता, आणि पलीकडून कुठंतरी तिचाही हात त्याच पत्र्यावर होता. ती आली तशीच, अंग चोरत, वळणाशी थांबत, फटीतून बाहेर आली. मी तिचं कोपर धरलं. ती दमली होती, कपाळावर घाम होता, आणि चेहरा असा की लग्नघरातून आलीय.

“उद्या हे वर जाणार म्हणे, हो ना रे?” तिनं गुण्याभाऊला विचारलं.

“हो आईसाहेब. सकाळी क्रेन येईल.”

“मग मला नाही दिसायचं.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मला खोटं बोलवेना. “नाही, आई,” मी म्हटलं.

“नाही तर नाही,” ती म्हणाली. “खाली होतं तेव्हा बघितलंय मी.”